कमांडर-मेजरला मागचा हीटर बसवायचा असेल तर आधी पायपिंगचा विचार करा

महिंद्राच्या जुन्या कमांडर, मेजर, एमएम ५४० या जीपमध्ये नाहीतर सुरुवातीच्या बोलेरोत डॅशखाली जो एक हीटर असतो त्यानं ड्रायव्हरचे आणि बाजूवाल्याचे पाय शेकतात, बास. मागच्या आडव्या सीटपर्यंत त्यातलं काहीच पोचत नाही, तिथं लेकरं आईच्या शालीत घुसून बसतात आणि म्हातारी माणसं अख्खा रस्ता गप कुडकुडत काढतात. विदर्भ म्हटलं की बाहेरच्यांना फक्त ऊनच दिसते, पण राजेहो, २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशावर आला होता, गोंदियाकडं तर दर हिवाळ्यात हिव जबर असते, आणि पहाटे चारला परतवाड्याहून निघून घटांग-सेमाडोह करत धारणीला जाणाऱ्या जीपमध्ये एकदा मागं बसून पाहा, मग मागचा हीटर ही चैन नाही हे आपोआप पटते.

पण एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. आपल्याकडं हीटर लागतो दीड-दोन महिने, तोही पहाटे न् रात्री. पाइप मात्र गाडीखाली बारा महिने राहतात, चंद्रपूर-वर्ध्याच्या ४६-४७ अंशातही राहतात. इंजिनाचं पाणी आपण आणखी पाच-सहा मीटर लांब फिरवून आणतो म्हणजे गळायच्या जागाही तेवढ्याच वाढवतो. म्हणून पायपिंग करताना डोक्यात डिसेंबर नाही, मे महिना ठेवायचा. नको असेल तेव्हा मागची अख्खी लाइन इंजिनाजवळूनच बंद करता आली पाहिजे, आणि मागं काहीही फुटलं तरी इंजिनाचं पाणी वाचलं पाहिजे. दुकानात हीटरचं युनिट दाखवतात तेव्हा सगळे त्यातलं ब्लोअर, म्हणजे पंखा, किती जोरात हवा फेकते तेच बघत बसतात, माझं म्हणणं पैसा कॉक (पाणी चालू-बंद करायची तोटी), टी (तीन तोंडांचा जोड) आणि क्लॅम्पवर (पाइप आवळायची पट्टी) घाला, ब्लोअर साधं असलं तरी चालते.

आधी पाणी कसं फिरते ते समजून घ्या. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवून धरणारा वॉल. इंजिनात तापलेलं पाणी वरच्या हेडमधून किंवा थर्मोस्टॅटच्या घराच्या अलीकडून एका निप्पलमधून, म्हणजे पाइप चढवायच्या छोट्या नळीतून, बाहेर पडते, हीटरच्या बारीक नळ्यांच्या जाळीतून फिरते आणि वॉटर पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला परत येते. थर्मोस्टॅटच्या अलीकडून घेतात कारण थर्मोस्टॅट बंद असतानाही हीटरला पाणी मिळालं पाहिजे. तुमच्या गाडीत दोन होसपैकी (रबरी पाइपांपैकी) जाणारा कोणता अन् येणारा कोणता हे शोधायला पुस्तक नको, सकाळी थंड इंजिन चालू करा, हीटरचा कॉक उघडा ठेवा आणि दोन्ही होसवर हात ठेवून उभे राहा (पंख्यापासून बाही-गमछा सांभाळून), जो आधी गरम होईल तो जाणारा. त्यावर तिथंच रंगाचा पट्टा मारून ठेवा, नंतर गाडीखाली झोपल्यावर सगळे पाइप सारखेच दिसतात.

आणि हो, थर्मोस्टॅट आहे का ते बघा! आपल्या भागातले कितीतरी मिस्त्री उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकतात आणि मग तो परत कोणी लावतच नाही. अशा गाडीत डिसेंबरात इंजिन धड तापतच नाही, डिझेल जास्त जाते, धूर जास्त येते आणि हीटरमधून कोमट वारं येते, मग तुम्ही दोन काय चार हीटर लावा. साधारण ८२ अंशाला उघडणारा थर्मोस्टॅट मिळतो, तुमच्या इंजिनाला कोणता लागतो ते पार्टवाल्याला विचारून घ्या. बसवायच्या आधी पातेल्यात पाणी घेऊन त्यात दोऱ्यानं लटकवा, गॅसवर ठेवा, बाजूला थर्मामीटर सोडा, ८० च्या पुढं हळूहळू तोंड उघडलं आणि उकळीपर्यंत पूर्ण उघडलं की माल चांगला. उन्हाळ्यात गाडी तापत असेल तर दोष रेडिएटरच्या चोंदलेल्या जाळीत, पंख्याच्या ढिल्या पट्ट्यात किंवा गेलेल्या झाकणात शोधा, थर्मोस्टॅटवर राग काढू नका.

आता मुख्य प्रश्न, दुसरा हीटर सिरीजमध्ये घ्यायचा की पॅरललमध्ये.

सिरीज म्हणजे पुढच्या हीटरमधून निघालेलं पाणी तसंच मागच्याला द्यायचं आणि तिथून इंजिनाकडं परत. टी लागत नाही, जोड कमी, काम पटकन होते. पण मागच्याला आधीच थोडं थंड झालेलं पाणी मिळते, दोन्ही जाळ्यांचा अडथळा एकामागं एक लागतो, आणि खरी अडचण ही की मागचा पाइप फुटला की पुढचा हीटरही गेला, दोन्ही एकाच दोरीला बांधलेले. पॅरललमध्ये जाणाऱ्या होसमध्ये एक टी आणि परतीच्या होसमध्ये एक टी टाकून मागच्यासाठी वेगळी जोडी काढायची, तिला स्वतःचे कॉक द्यायचे. यात मागची लाइन हवी तेव्हा बंद करता येते, पुढचा हीटर आपला चालूच. म्हणून आपल्याकडं पॅरललच करा असंच मी सांगीन. छोट्या एमएम ५४० मध्ये मागचं युनिट ड्रायव्हरच्या सीटखालीच येते, पाइप हातभर लागतो, तिथं कोणी सिरीज केली तर चालून जाईल, कमांडरसारख्या लांब गाडीत नाही.

पॅरललचा एक गुण समजून घ्या म्हणजे नंतर मिस्त्रीशी भांडण होत नाही. पाणी नेहमी सोपा रस्ता धरते. पुढचा हीटर जवळ, पाइप आखूड, म्हणून बहुतेक पाणी तिकडूनच जाते आणि मागचा अर्धवट तापतो. उपाय पंप लावण्याचा नाही, पुढच्या हीटरचा कॉक थोडा दाबून पाहा, अर्ध्यावर आणा, मागचा लगेच गरम व्हायला लागतो. एकदा कुठं दोघांचा मेळ बसतो ते कळलं की तिथं खूण करून ठेवा. विजेवर चालणारा छोटा पाण्याचा पंप मिळतो, पण जीपएवढ्या लांबीला तो बहुतेक लागत नाही आणि बिघडायला आणखी एक वस्तू वाढते.

एक तपासणी मात्र टाळू नका. काही इंजिनात थर्मोस्टॅट बंद असताना पाणी फिरायला वेगळा बायपास होस असतो, काहींत हीटरचाच रस्ता बायपासचं काम करते. थर्मोस्टॅटच्या घरापासून वॉटर पंपाकडं जाणारा वेगळा आखूड होस किंवा आतला रस्ता आहे का ते जुन्या मिस्त्रीकडून बघून घ्या. नसेल तर हीटरचं पाणी पूर्ण तोडायचं नाही, अशा गाडीला चार तोंडांचा कॉक लागते, म्हणजे हीटर बंद केला तरी पाणी कॉकमधूनच वळून परत जाते.

युनिट कोणतं घ्यायचं? बाजारात डॅशखाली लावायचे १२ व्होल्टचे तयार डबे मिळतात, आत तांब्या-पितळेची जाळी, एक मोटर, दोन-तीन तोंडं. नाहीतर भंगारातल्या सुमो-बोलेरोचं युनिट घ्या, चालते, पण जाळी तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. मिलिटरी डिस्पोजलमधली काही वाहनं २४ व्होल्टची असतात, तुमची तशी असेल तर मोटर त्याच हिशोबानं बघा. जाळीची तपासणी अशी: एक निप्पल रबरी बुचानं आणि क्लॅम्पनं बंद करा, दुसऱ्याला होसचा तुकडा आणि ट्यूबचा वॉल लावा, जाळी बादलीत बुडवा आणि सायकलच्या पंपानं हवा भरा. दाब दाखवणारं गेज असेल तर १५ पीएसआयवर (टायरची हवा मोजतात त्याच मापात) थांबा. आपल्या जुन्या गाड्यांचं रेडिएटरचं झाकण साधारण ७ ते १३ पीएसआयचं असते, म्हणजे १५ ला टिकलेली जाळी पुरते. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरला थेट लावू नका, तिथला शंभराच्या वरचा दाब चांगल्या जाळीलाही फाडतो. बुडबुडा आला तर रेडिएटरवाल्याकडून डाग लावून (सोल्डर करून) घ्या. मग जाळी उलटसुलट दोन्ही बाजूंनी साध्या पाण्यानं धुवा, जोवर लाल गाळ येणं थांबत नाही तोवर, नाहीतर तो सगळा गाळ तुमच्या इंजिनात जाईल.

आता पाइप. इथं आपले शेतकरी भाऊ हमखास घसरतात. घरात ठिबकची १६ एमएमची नळी पडलेली असते, हीटरचं निप्पलही साधारण ५/८ इंच म्हणजे १६ एमएमच, मग हात तिकडं जातोच. ठिबकची नळी गार पाण्यासाठी आहे, ९० अंशाच्या पाण्यात ती मऊ होऊन क्लॅम्पखालून सुटते. गार्डनचा जाळीवाला पाइप, पीव्हीसी, गॅसचा पाइप, डिझेलचा होस यातलं काहीच नको. डिझेलचा होस दिसायला तसाच काळा आणि जाड असते म्हणून लोक फसतात, पण त्याचं रबर वेगळं, तापत्या कूलंटमध्ये, म्हणजे रेडिएटरच्या औषध मिसळलेल्या पाण्यात, ते कडक होऊन तडकते. हीटरसाठीचा म्हणून जो ईपीडीएम नावाच्या, उष्णता सोसणाऱ्या रबराचा होस मिळतो तोच घ्या, निप्पलचा बाहेरचा व्यास व्हर्नियरनं मोजून, अंदाजानं नाही, कारण काही गाड्यांत ३/४ इंचाचं निप्पल असते आणि मोठा होस क्लॅम्पनं आवळून बसवला की आज ना उद्या गळतोच.

गाडीखालच्या लांब सरळ भागात मात्र रबर नको, तिथं धातूचा पाइप टाका. कारण आपलं रान. पावसाळ्यात काळी माती चेसिसला अशी चिकटते की वाळल्यावर ठोकून काढावी लागते आणि ओल्या चिखलाचा गोळा लोंबत्या होसला खाली ओढतो. आणि कापूस निघाल्यावर वावरातून गाडी काढली की पऱ्हाटीचे कापलेले खुट, तुरीचे खुट, हे भाल्यासारखे उभे असतात, टायर फाडतात तर रबरी होसचं काय. एसीवाल्याकडं ५/८ इंचाची तांब्याची नळी मिळते, ती हातानं वाकवता येते, नाहीतर स्टेनलेसची घ्या. जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी, पाइप नळाच्या दुकानात स्वस्त मिळते पण तो टाकू नका, त्याच्यावरचा जस्ताचा थर कूलंटमधल्या गंजरोधक मालाशी भांडतो, चिकट गाळ होतो आणि तो गाळ सरळ जाळीत जाऊन बसतो.

तांब्याच्या नळीचं टोक तसंच गुळगुळीत ठेवून त्यावर होस चढवू नका. एसीवाल्याकडं नळीचं तोंड फुगवायचं हत्यार असते, त्यानं टोकाला अगदी थोडा, दिसेल न दिसेल एवढा फुगीर कडा काढून घ्या. मग कड कानशीनं गोल करा म्हणजे होसच्या आतला रबर कापणार नाही. होस चढवताना साबणाचं पाणी लावा, ग्रीस किंवा ऑइल नको, ते रबर फुगवते. होस कड्याच्या पुढं इंचभर गेला पाहिजे आणि क्लॅम्प बसला पाहिजे कड्याच्या मागं, होसच्या टोकापासून थोडा आत. क्लॅम्प पेचाचा चांगल्या स्टीलचा घ्या आणि तो पाना किंवा पेचकसानं आवळा, पण एवढाही नाही की रबर पट्टीच्या खाचांतून वर यायला लागेल. बाइंडिंग तार गुंडाळून पक्कडीनं पिळलेला जोड मी कितीतरी गाड्यांत पाहिला, तो एकाच जागी दाब देते, दुसऱ्या जागी मोकळा राहतो, आणि घाटात नेमका तिथूनच फवारा उडतो.

इंजिन हलते, चेसिस वेगळी हलते, म्हणून इंजिनापासून चेसिसपर्यंत रबरी होसच ठेवा आणि त्याला थोडी सैल कमान द्या. तिथून पुढं धातूचा पाइप चेसिसच्या आतल्या बाजूनं, सायलेन्सर ज्या बाजूला आहे त्याच्या उलट्या बाजूनं न्या. ब्रेकचा पाइप, हँडब्रेकची केबल, प्रोपेलर शाफ्ट यांच्यापासून लांब. पाट्याच्या स्प्रिंगला गाडी पूर्ण लादल्यावर किती जागा लागते ते मनात धरून, रिकाम्या गाडीत मोकळं दिसते ते संत्र्याचे कॅरेट भरल्यावर मोकळं राहत नाही. दर फूटभरावर रबर लावलेली पट्टी आणि नटबोल्ट. पत्र्यातून वर आणताना भोकाची धार कानशीनं मोडा, रंग मारा, रबरी ग्रोमेट (भोकात बसणारं कडं) बसवा, पत्र्याला घासणारा होस गुपचूप कापत जातो आणि कळते तेव्हा पायावर उकळतं पाणी असते. जाणाऱ्या पाइपावर एसीच्या पाइपावर चढवतात तशी काळी फोमची नळी चढवा, खालच्या गार वाऱ्यात रस्त्यातच पाणी थंड व्हायचं वाचते. फक्त जोडांवर फोम नको, जोड डोळ्यांना दिसला पाहिजे.

टी पितळेची. तालुक्याला लेथवाला असतोच, त्याला निप्पलचं माप द्या, तो करून देईल. प्लॅस्टिकची टी स्वस्त असते पण बॉनेटखाली तापून तापून ठिसूळ होते आणि एक दिवस हात लावला तरी तुटते. टीच्या मागच्या फाट्यावर, म्हणजे इंजिनाजवळच, जाणाऱ्या लाइनवर एक आणि परतीच्या लाइनवर एक असे दोन पितळी बॉल कॉक लावा, अर्ध्या इंचाचे, पूर्ण भोकाचे, दोन्ही बाजूंना होसचं निप्पल असलेले. हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. परतीवर कॉक कशाला असं विचारतात लोक. अहो, मागचा पाइप फुटला आणि तुम्ही फक्त जाणारा बंद केला तर परतीच्या तोंडातून पाणी उलटं येऊन तिथूनच सांडत राहते. दोन्ही बंद केले की मागचं सगळं तुटलं तरी इंजिन सुरक्षित.

युनिट शक्यतो पुढच्या सीटखाली मागं तोंड करून बसवा, हवा पायाजवळ सोडा, गरम हवा आपोआप वर चढते. युनिटच्या पाठीमागं हवा ओढायची जागा मोकळी ठेवा, तिथं पोतं किंवा बॅग टेकली की ब्लोअर नुसतं घुमते. जाळीला पाणी खालच्या निप्पलमधून आत आणि वरच्यातून बाहेर द्या म्हणजे आतली हवा पाण्यासोबत वर निघून जाते. उलटं जोडलं तर जाळीच्या वरच्या भागात हवा अडकते आणि अर्धी जाळी कायम थंड राहते, आणि माणूस भलत्याच ठिकाणी दोष शोधत बसते.

कूलंट भरताना आधी हिशोब करा. १६ एमएम भोकाच्या पाइपात मीटरला साधारण २०० मिली पाणी बसते, जायचा-यायचा मिळून सहा मीटर पाइप असेल तर सव्वा लिटर, जाळीत अर्धा लिटरच्या आसपास. म्हणजे जुन्या मापापेक्षा पावणेदोन लिटर जास्त लागणार, तेवढं हाताशी ठेवा. आणि पाणी कोणतं ते महत्त्वाचं. पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा, म्हणजे अकोला-अमरावती-बुलडाण्याचा तो सगळा भाग, तिथलं बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालणं म्हणजे आतून मीठ लावणं आहे. पट्ट्याबाहेरचं बोअरही बहुतेक जड असते, जाळीच्या बारीक नळ्यांत क्षार बसतात. तयार मिसळलेलं कूलंट घ्या, नाहीतर जाड (पाणी न मिसळलेलं) कूलंट आणि बॅटरीचं डिस्टिल पाणी निम्मं-निम्मं. आपल्याकडं पाणी गोठायची भीती नाही, कूलंट लागते ते गंज थांबवायला आणि उकळायचा अंश वर न्यायला, म्हणजे ते उन्हाळ्यासाठीच जास्त कामाचं.

काढलेलं जुनं कूलंट अंगणात ओतू नका, ही गोष्ट हलक्यात घेऊ नका. चवीला गोड असते, कुत्रं चाटते, गोठ्यासमोर सांडलं तर वासरू चाटते, आणि ते विष आहे, थोडं पोटात गेलं तरी मूत्रपिंड जातात. घमेल्यात धरा, झाकणाच्या डब्यात भरा, लेकरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

हवा काढणं हे सगळ्यात धीराचं काम. गाडीचं तोंड वर येईल अशी उभी करा, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पुढची चाकं चढवली तरी चालते, हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकांना दगड लावा. इंजिन पूर्ण थंड असतानाच झाकण काढा. दोन्ही हीटरचे सगळे कॉक उघडे. कूलंट बारीक धारेनं ओता, घाई केली की हवा आतच कोंडते. गळ्यापर्यंत भरलं की इंजिन चालू करा, झाकण उघडंच, आणि रेडिएटरच्या तोंडात बघत राहा. आधी मोठे बुडबुडे गुडगुड करत येतील आणि पाणी एकदम खाली जाईल, भरा. मागचे होस हातानं दाबत-सोडत राहा, दर दाबासरशी आणखी हवा निघते. मग थर्मोस्टॅट उघडला की तोंडात पाणी जोरात वाहायला लागते आणि बुडबुडे बारीक होत होत थांबतात, तेव्हा झाकण लावा. तोंडाशी पाणी वर यायला लागलं तर मागं सरका, चेहरा त्याच्यावर धरू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर परत बघा, बहुतेक थोडं कमी झालेलं असते, भरा. त्याच वेळी सगळे क्लॅम्प बघा आणि अर्धा फेरा आवळा, कारण रबर एकदा तापून बसलं की क्लॅम्प ढिले होतात, आणि काही जोड गरम असताना कोरडे राहतात पण पहाटेच्या थंडीत आखडून टिपकतात.

वायरिंग थोडक्यात सांगतो. ब्लोअरची मोटर सरळ जुन्या स्विचवर टाकू नका. बॅटरीपासून २.५ चौरस एमएमची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरातच १५ अँपिअरचा फ्यूज, मग चार पायांचा रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), त्याच्या पायांवर नंबर असतात, ३० वर बॅटरीकडून येणारी, ८७ वरून मोटरला, ८५-८६ मध्ये एक इग्निशनच्या स्विचमधून आणि एक अर्थ. म्हणजे चावी काढली की ब्लोअर बंद, बॅटरी रात्रभर खाल्ली जात नाही. अर्थ रंग खरवडून कोऱ्या पत्र्यावर. जुन्या गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी भरणारं जनित्र, छोटा असते, हेडलाइट आणि दोन्ही ब्लोअर चालू ठेवून बॅटरीवर व्होल्ट मोजा, इंजिन थोडं रेसवर असताना १३.५ च्या आसपास राहिले तर ठीक.

कॅनव्हासच्या हूडची गाडी असेल तर हीटरच्या आधी फटी बुजवा, मागचा पडदा नीट बांधला जातो का बघा, उघड्या गाडीत कितीही गरम हवा सोडली तरी ती मागच्या मागं जाते. आणि हे जिवाचं आहे म्हणून स्पष्ट सांगतो: मागचा पडदा अर्धवट उघडा ठेवून पळणाऱ्या गाडीत सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो. सायलेन्सर कुठं फुटला असेल, मॅनिफोल्डपाशी (इंजिनातून धूर गोळा करणाऱ्या ओतीव पाइपापाशी) फुसफुस येत असेल तर ते आधी वेल्ड करून घ्या, मगच हीटर लावून काचा-पडदे बंद करा. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही, झोपलेली माणसं झोपेतच जातात. गाडीत शेगडी किंवा निखाऱ्याचं घमेलं ठेवून शेकणं तर कधीच नाही.

चालू झाल्यावर हीटर नीट देत नसेल तर हातानं तपासा. जाणारा पाइप गरम आणि परतीचा थंड असेल तर पाणी फिरत नाही, हवा अडकली किंवा जाळी चोंदली. दोन्ही पाइप चांगले गरम पण हवा कोमट असेल तर जाळीच्या पत्र्यांत धूळ-कापूस बसला किंवा ब्लोअर उलटं फिरते, मोटरच्या वायरी अदलाबदल करून पाहा. दोन्ही कोमट तर थर्मोस्टॅटकडं जा. काचेवर आतून चिकट वाफ, गोडसर वास, पायपुसणं ओलं, यातलं काही दिसलं की जाळी गळून राहिली, दोन्ही कॉक बंद करा आणि रेडिएटरवाल्याकडं न्या.

होळी झाली की जाणाऱ्या लाइनचा कॉक बंद करा, परतीचा उघडा राहू द्या. दोन्ही बंद करून ठेवले तर मधलं पाणी उन्हानं न् रस्त्याच्या तापानं फुगते आणि त्याला जायला जागा राहत नाही. दोन्ही बंद फक्त गळती झाल्यावर, नाहीतर मागची लाइन पूर्ण रिकामी करून. उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा पाच मिनिटं कॉक उघडून पाणी फिरवा, तिथलं कूलंट ताजं राहते आणि कॉकमधली गोल चेंडी जाम होत नाही. मे महिन्यात लादलेली गाडी घेऊन चिखलदऱ्याचा घाट चढताना काटा वर सरकायला लागला तर मात्र तोच कॉक उघडा आणि दोन्ही ब्लोअर फुल सोडा, काचा खाली करा, आत भट्टी होईल पण इंजिनाची उष्णता दोन जाळ्यांतून जास्तीची बाहेर पडते आणि गाडी बाजूला घ्यायला जागा सापडेपर्यंत वेळ मिळते. त्यावर भरवसा ठेवून रोज चढू नका, रेडिएटर साफ करून घ्या.

होसला दर वर्षी थंड असताना चिमटीत दाबून बघा, विशेषतः क्लॅम्पच्या शेजारी. कडक लागला, आतून करकर वाजला किंवा फुगीर मऊ झाला तर बदला, बाहेरून चांगला दिसते म्हणून ठेवू नका. गाडीत कायम हे सामान असू द्या: दोन लिटर मिसळलेलं कूलंट, चार क्लॅम्प, पेचकस आणि हीटरच्या होसचा दीड-दोन फुटाचा तुकडा. कॉकच गळायला लागला तर इंजिन थंड होऊ द्या, जाणाऱ्या आणि परतीच्या टीचे मागचे फाटे मोकळे करून त्या तुकड्यानं एकमेकांना जोडा, दोन क्लॅम्प आवळा, कमी झालेलं कूलंट भरा आणि पुढचा हीटर चालू ठेवूनच घरी या. जोडलेल्या तुकड्यातून पाण्याला सोपा रस्ता मिळाल्यानं पुढची हवा थोडी कमी गरम येईल, तेवढंच.